वॉकर हे आडनाव आलं कुठून?

प्रश्न असा आला आहे: “माझ्या मुलीचं सासर वॉकर. लीड्सच्या बाजूचे लोक. इथे पुण्यात नातेवाईक विचारतात, यांचे पूर्वज फार चालायचे का? जावयालाही नीट सांगता येत नाही. नात सहा वर्षांची आहे, तिच्यासाठी दोन्ही घरांची माहिती लिहून ठेवायची आहे. वॉकरचा खरा अर्थ काय? आणि विहीणबाईंच्या हॉलमध्ये ‘वॉकर घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून एक ढाल लावली आहे, ती खरी धरायची का?”

ताई, मी मूळची सांगलीची. गेली बावीस वर्षं यॉर्कशरमध्ये लोकांचे वंशवृक्ष शोधून देण्याचं काम करते. वॉकर मंडळींची इतकी कागदपत्रं हाताखालून गेली आहेत की हे आडनाव आता मला माहेरच्या माणसासारखं वाटतं. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण तुम्हाला वहीत उतरवायचंच आहे तर नीटच सांगते.

घरात मुलतानी मातीचं पाकीट असेल तर आधी ते आणा. त्यावर बहुतेक वेळा इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ असं छापलेलं असतं. म्हणजे फुलरची माती. हा फुलर आणि तुमच्या जावयाच्या आडनावातला वॉकर, दोघांचा धंदा एकच. दोघेही विणून आलेलं लोकरीचं कापड पाण्यात घालून पायाने तुडवायचे. त्यांच्या कामात लागणारी चिकणमाती म्हणून तिला फुलरची माती म्हणाले, आणि तेच नाव आपल्याकडच्या मुलतानी मातीला चिकटलं.

आता हे तुडवायचं कशासाठी, ते सांगते. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात टाकला, खसाखसा घासला आणि तो पोराच्या मापाचा होऊन बाहेर आला, हा अनुभव तुम्हाला असेल. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. स्वेटरचं जे नुकसान, तेच इंग्लंडच्या विणकराला हवं असायचं. मागावरून उतरलेलं कापड विरळ, तेलकट आणि खरखरीत असे, त्यातून वारा जाई. ते आटवून घट्ट केलं की विणीतली भोकं बुजायची आणि पाऊस अंगावर यायला वेळ लागायचा. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी कवीने लिहून ठेवलं आहे की मागावरून आलेलं कापड तुडवल्याशिवाय अंगावर घालण्याजोगं होत नाही.

काम मात्र फार कष्टाचं. लाकडी किंवा दगडी कुंडात कापड घालायचं, वर पाणी, माती आणि शिळवलेलं मूत्र ओतायचं. हो, मूत्रच. ते साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि लोकरीतल्या तेलाशी मिळून त्याचा साबणासारखा परिणाम होतो. घरोघरी पिंपं ठेवून ते गोळा करत. प्राचीन रोममध्येही हीच पद्धत होती. तिथे सम्राट व्हेस्पेशियनने या मूत्रावर कर बसवला होता, आणि पाँपेईच्या उत्खननात या धंद्याची कुंडं सापडली आहेत. त्या कुंडात उतरून माणसं तासन् तास पाय मारत उभी राहायची. यॉर्कशरच्या थंडीत, गुडघ्यापर्यंत ओली. ‘वॉकर’ म्हटलं की मला रस्त्याने जाणारा माणूस दिसत नाही, हा कुंडात उभा असलेला माणूस दिसतो.

तुडवून झालं की कापड धुवायचं आणि उघड्यावर लाकडी चौकटींवर ताणून वाळवायचं, म्हणजे आटताना ते वाकडंतिकडं होत नाही. या चौकटीला टेंटर म्हणत आणि तिच्या आकड्यांना टेंटरहुक. काळजीने जीव टांगणीला लागला की इंग्रज अजूनही ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणतात. आपली टांगणी आणि त्यांचे आकडे, दोन्हीकडे जीव लटकतो तो असाच. हॅलिफॅक्सच्या आसपासच्या टेकड्यांवर अशा चौकटी उभ्या असत आणि रात्री तिथून कापड चोरीला जाई. साडेतेरा पेनी किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरताना सापडला तर हॅलिफॅक्सला मुंडकं उडवायची शिक्षा होती. ती शेवटची दिली गेली १६५० साली. कापडाला त्या मुलखात किती मोल होतं हे त्यावरून कळतं.

आता शब्दाकडे येते, कारण तुमच्या नातेवाइकांचा प्रश्न तिथेच आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कान’ असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ चालणं नव्हता. लोळणं, घुसळणं, हेलकावे खाणं असा होता, समुद्राच्या लाटांसाठीसुद्धा ते वापरत. कापड घुसळणारा, तुडवणारा तो ‘वेआल्केरे’, त्याचाच पुढे वॉकर झाला. ‘वॉक’ म्हणजे पायी चालणं हा अर्थ इंग्रजीत साधारण १२०० सालानंतर रुळला. म्हणजे वॉकर हा शब्द आजच्या ‘वॉक’पासून निघालेला नाही. दोघेही त्या जुन्या घुसळण्यातून आले आणि चालण्याचा अर्थ नंतर येऊन त्यावर बसला. जर्मनमध्ये हा अर्थ अजून जिवंत आहे. तिथे ‘वाल्कन’ म्हणजे कापड किंवा लोकर तुडवून घट्ट करणं, आणि वॉल्कर, वेल्कर ही आडनावं त्याच धंद्यातली.

मराठीत या कामाला चटकन सुचणारा शब्द नाही, आणि त्याला कारण आहे. आपण सुती कापडाची माणसं. सूत कितीही तुडवलं तरी असं आळत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुठल्याही फुलरला तशी करता येणार नाहीत, असं वाक्य आहे. मराठी बायबलमध्ये त्या जागी परीट येतो. भाषांतर करणाऱ्यांनी दुसरं करायचं तरी काय? वाचकाच्या गावात कापड पाण्यात घालून पांढरं करणारा माणूस परीटच होता. तेव्हा नातीला एका शब्दात सांगायचं असेल तर परीट हा जवळचा शब्द आहे. फक्त हा परीट मळलेले कपडे घेत नसे, नवंकोरं कापड घेत असे, एवढं तिला सांगा.

या आडनावात मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. एकाच धंद्याला इंग्लंडमध्ये तीन शब्द होते आणि तिन्हींची आडनावं झाली. उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये वॉकर. पूर्वेला आणि आग्नेयेला, म्हणजे ससेक्स, केंट, सफोक, नॉरफोक या बाजूला फुलर. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर. फुलर हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’वरून आलेला. टकर जुन्या इंग्रजीतल्या ‘तुकिआन’वरून आला, आणि त्याचा अर्थ होता छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा म्हणून टकर! एक्सेटर शहरात १४७१ साली बांधलेला ‘टकर्स हॉल’ अजून उभा आहे, तो विणकर, फुलर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाचा. वेल्समध्ये जा, तिथे तुडवायच्या गिरणीला ‘पॅन्डी’ म्हणतात आणि टोनीपॅन्डी हे गावाचं नावच त्यावरून पडलं आहे.

१८८१ सालच्या जनगणनेतली वॉकर, फुलर आणि टकर घरं नकाशावर मांडली, तर मध्ययुगातल्या बोलीभाषांच्या सीमा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. सहाशे वर्षं झाली, माणसं गाव सोडून गेली, गिरण्या आल्या आणि बंद पडल्या, तरी शब्दाने आपला मुलूख सोडला नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी सांगते की वॉकर या आडनावातून पूर्वज काय करायचा हे कळतं, पण तो कुठली भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये राहायचा हे त्याहून जास्त खात्रीने कळतं. तुमच्या जावयाचं घर लीड्सजवळ आहे म्हणता. वॉकर आडनावाच्या माणसाला तिथे परका कोण म्हणेल?

लीड्सचा संबंध याहूनही जुना आहे. पायाने तुडवायचं काम पाण्याच्या चाकावर नेणाऱ्या गिरण्या इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात दिसू लागल्या. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदी ११८५ सालच्या आहेत. टेंपलर नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघाने आपल्या जमीनजुमल्याची पाहणी केली, त्यात ग्लॉस्टरशरमधली एक गिरणी आहे आणि दुसरी लीड्सला लागून असलेल्या टेंपल न्यूसमची. एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ साली या गिरण्यांच्या प्रसाराला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. तिचा परिणाम त्या म्हणतात तेवढा मोठा होता का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. माझ्या मते त्यांनी जोर थोडा जास्त दिला, पण दिशा बरोबर होती. वाहत्या पाण्याच्या ओढीने हे काम डोंगराळ भागाकडे गेलं, आणि यॉर्कशरच्या पश्चिम पट्ट्यात असे ओढे पायलीला पन्नास.

अशी गिरणी चालताना मी एकदा पाहिली आहे. लँकेशरमध्ये हेल्मशोरला अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली गिरणी संग्रहालय म्हणून जपली आहे. पाण्याचं चाक फिरतं, त्याच्या आसावरच्या दांड्या लाकडी हातोड्यांच्या शेपट्या उचलतात आणि सोडतात. एकेक हातोडा ओंडक्याएवढा. तो तिरका येऊन कुंडातल्या कापडावर आदळतो, कापड आतल्या आत उलटतं, मग दुसरा येतो. धप्प, धप्प. पायाखालची फळी हादरत होती आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मी हातोड्याचं तोंड नीट पाहिलं. त्याला पायऱ्यांसारखे टप्पे कापलेले होते, म्हणजे कापड चेपतानाच ते फिरवलंही जावं. माणसाची टाच आणि चवडा जे करायचे, तेच लाकडाकडून करून घेतलेलं. गिरणी आल्यावर कुंडात उतरणारी माणसं कमी झाली, पण तोवर वॉकर हे नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. गिरणीलाही बऱ्याच ठिकाणी ‘वॉकमिल’च म्हणत. बेव्हर्ली गावात वॉकरगेट नावाचा रस्ता आहे. तिथे ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे. तो नॉर्स लोकांचा शब्द, अर्थ रस्ता किंवा आळी. म्हणजे आपल्या कासार आळीसारखी ही वॉकर आळी.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हातानेच चाललं आणि ते बायकांकडे होतं. लांब फळीभोवती बसून त्या ओलं कापड आपटत, ओढत आणि शेजारणीकडे सरकवत. त्या तालावर गेलिक भाषेतली गाणी म्हणत. एक बाई ओळ सुरू करी, बाकीच्या धरत. त्यांची ध्वनिमुद्रणं मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला माझ्या आजीचं जातं आठवलं. कष्ट निराळे, भाषा निराळी, पण ओवी घरघरीवर तोललेली असते तशीच ती गाणी धपधपीवर तोललेली आहेत. तुमची नात गाणारी असेल तर तिला ती जरूर ऐकवा.

आता जरा सावध करते. आडनावं इंग्लंडमध्ये एका दिवसात ठरली नाहीत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर बड्या जमीनदारांपासून सुरुवात झाली. दक्षिणेत ती लवकर रुजली, उत्तरेत उशिरा. यॉर्कशरमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीससुद्धा सगळ्यांची आडनावं पक्की झालेली नव्हती. १३७९ साली राजाने डोईपट्टी लावली. सामान्य माणसाला चार पेनी, कारागिराला सहा किंवा त्याहून जास्त. त्यामुळे वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागाच्या, याद्यांत जास्त पट्टी भरणाऱ्यांचा धंदा नावापुढे लिहिलेला सापडतो. त्या याद्या वाचताना खरी गंमत येते. कुणाचं नाव वॉकर आणि धंदाही तोच, तिथे नाव अजून ताजं आहे. कुणाचं नाव वॉकर आणि धंदा शिंप्याचा, तिथे नाव बापाकडून किंवा आजोबाकडून आलेलं. आपल्याकडे कुलकर्णी आडनावाचा माणूस डॉक्टर असतो, तसंच हे. फरक एवढाच की तिथे धंद्याला जात चिकटलेली नव्हती. वॉकरचा मुलगा खाटीक झाला तरी कुणी अडवत नव्हतं, आणि आडनाव मात्र वॉकरच राहत होतं.

जुन्या कागदांत एक फसवी जागा आहे, तिथे नवखे हमखास अडकतात. मध्ययुगातले कारकून लॅटिनमध्ये लिहीत. तुडवणारा वॉकर असो, फुलर असो की टकर, कारकून लिहिणार ‘फुल्लो’. म्हणजे कागदावर विलेल्मुस फुल्लो दिसला तर तो घराबाहेर कोणत्या नावाने ओळखला जात होता, हे गाव पाहून ठरवावं लागतं. यॉर्कशरमध्ये असेल तर बहुधा वॉकर, डेव्हनमध्ये असेल तर टकर. माझ्या पहिल्या वर्षी मी एका घराण्यासाठी दोन महिने ‘फुलर’ शोधत बसले होते आणि माणूस समोरच्या पानावर वॉकर म्हणून बसला होता. त्या दोन महिन्यांचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून लॅटिन नोंद आली की मी आधी नकाशा उघडते.

प्रत्येक वॉकर कापडवालाच असेल असंही नाही. न्यूकॅसल शहरात टाइन नदीकाठी वॉकर नावाचा भाग आहे. त्या नावाचा अर्थ भिंतीजवळची दलदल. भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची, जिच्या टोकाला शेजारीच वॉल्सएंड आहे. त्या भागातून आलेल्या एखाद्या घराण्याला गावावरून हे आडनाव पडलेलं असू शकतं, जसं आपल्याकडे नगरकर किंवा सातारकर. स्कॉटलंडमध्ये ‘मॅक अन उखकेर’ असं काहीसं ऐकू येणारं गेलिक नाव होतं, अर्थ कापड तुडवणाऱ्याचा मुलगा. इंग्रजीत येताना त्यातल्या काहींनी सरळ वॉकर लावलं. जंगलात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही वॉकर म्हणत, असं काही जण सांगतात. तो वापर खरा आहे, पण उशिराचा. तोवर बहुतेक वॉकर घराण्यांची आडनावं बसून गेली होती. म्हणून ती व्युत्पत्ती मी कुणाच्या वहीत लिहू देत नाही.

तरीही चालण्याची समजूत जगभर पसरली, आणि त्याला दारूच्या एका बाटलीने मोठा हातभार लावला. जॉन वॉकर हा स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉकचा किराणा दुकानदार. दुकान १८२० साली सुरू झालं. पुढे घराण्याची व्हिस्की प्रसिद्ध झाली आणि १९०८ साली टॉम ब्राउन नावाच्या चित्रकाराने तिच्यासाठी उंच टोपीवाला, काठी घेऊन झपाझप चालणारा माणूस काढला. आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असाच धरून काढलेलं ते चित्र. त्याच बाटलीवरून गुरुदत्तने मुंबईतल्या बेस्टच्या एका बस कंडक्टरला, बद्रुद्दीन काझींना, पडद्यावरचं नाव दिलं. आपले जॉनी वॉकर ते. म्हणजे तुमच्या पुण्यातल्या नातेवाइकांच्या मनात ‘वॉकर’ म्हटल्यावर जे येतं, ते या वाटेने आलं आहे. त्यांना दोष देऊ नका.

मराठी इतिहासातही एक वॉकर आहे. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट असलेला कर्नल अलेक्झांडर वॉकर, ज्याने १८०७ साली काठेवाडातल्या संस्थानांशी खंडणीचे करार ठरवले. तो स्कॉटलंडच्या फाइफचा. तुमच्या जावयाच्या घराशी त्याचं नातं जोडायचा मोह होईल, पण पुरावा नसेल तर जोडू नका. वॉकर हे इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या वीस आडनावांतलं आहे. जिथे जिथे कापड होतं तिथे तिथे ते स्वतंत्रपणे तयार झालं. अमेरिकेतल्या कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांत ते गुलामगिरीच्या काळात किंवा तिच्यातून सुटल्यावर आलं, तिथे यॉर्कशरच्या कुंडाशी रक्ताचं नातं असायचं कारणच नाही. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे बापाकडून मुलाकडे जाणारे जनुकीय खुणांचे नमुने तपासले. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावात बहुतेकांचा पूर्वज एक निघाला. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात तसं काही निघालं नाही. वॉकरचं गणित स्मिथच्या बाजूचं.

त्यातूनच तुमच्या ढालीचं उत्तर मिळतं. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं आणि त्याच्या कायदेशीर वारसांकडे जातं. त्याचं दप्तर लंडनच्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’कडे आहे, ही संस्था १४८४ पासूनची. कुठल्यातरी एका वॉकरला कधीतरी ढाल मिळालेली असेल, आणि दुकानदार तीच छापून सगळ्या वॉकरांना विकतात. विहीणबाईंना हे सांगायची घाई करू नका. त्यांनी ती प्रेमाने लावली आहे. वहीत मात्र ती घराण्याची म्हणून उतरवू नका.

त्यापेक्षा विहीणबाईंकडून त्यांचा, त्यांच्या सासूबाईंचा आणि जमल्यास आजेसासूबाईंचा लग्नाचा दाखला मागा. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो. आईचं नाव यायला २०२१ साल उजाडलं, त्यामुळे बायकांकडची वाट जन्मदाखल्यांवरून शोधावी लागते. मग जनगणना. १९२१ ची खुली झाली आहे, १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मागे जाताना १८५१ वर जरा थांबा, कारण त्यात जन्मगाव नेमकं दिलेलं असतं. १८४१ मध्ये फक्त याच परगण्यातला की नाही एवढंच आहे, आणि मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत उतरवलेली आहेत.

१८३७ च्या मागे चर्चची दप्तरं. ती १५३८ च्या हुकुमापासूनची, पण सगळीकडे तेवढी जुनी शिल्लक नाहीत. वॉकर घराण्याची खरी अडचण इथे येते. एकाच गावात एकाच वेळी तीन जॉन वॉकर आणि तिघांच्याही बायका मेरी. अशा वेळी यॉर्कशरवाल्यांना एक वरदान आहे. विल्यम डेड नावाच्या यॉर्कच्या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदींचा सविस्तर नमुना घालून दिला. ज्या चर्चनी तो पाळला, तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या आजोबांची नावंसुद्धा मिळतात. तुमचं गाव त्यात निघालं तर एका ओळीत दोन पिढ्या हाती येतात. आणि वेकफील्डच्या बाजूचं घराणं असेल तर तिथल्या जहागिरीच्या न्यायालयाची दप्तरं १२७४ पासून आहेत, ती लीड्स विद्यापीठात ठेवली आहेत. कुणी कुणाची मेंढी पळवली, कुणी बांध सरकवला, सगळं त्यात आहे. इतक्या मागे जाणारं घराणं शंभरात एखादंच असतं, पण पाहायला काय हरकत आहे?

पुढच्या खेपेला लीड्सला याल तेव्हा नातीला टेंपल न्यूसमला घेऊन जा. आता तिथे मोठा वाडा आणि बाग आहे, ११८५ ची गिरणी काही दिसणार नाही, पण जागा तीच. घरी परतल्यावर टबात कोमट पाणी आणि थोडा साबण घाला, जुनी लोकरीची शाल किंवा मफलर टाका आणि पोरीला अनवाणी आत उतरवा. शाल शुद्ध लोकरीची हवी. ‘मशीनमध्ये धुता येते’ असं लिहिलेली नको, त्या लोकरीचे खवले मुद्दाम मारलेले असतात, ती आळत नाही. आधी माप घेऊन वहीत लिहा. पाय दुखेपर्यंत तिला तुडवू दे, मग धुऊन, वाळवून पुन्हा माप घ्या आणि दोन्ही आकडे तिलाच तिच्या हाताने वॉकर या नावापुढे लिहू द्या.